बिऱ्हाड हलले, खुंट्या राहिल्या

पुण्यातील महाविद्यालयांच्या कार्यालयांत जून महिना प्रवेशाचा, पावत्यांचा आणि रांगांचा असतो. अशाच एखाद्या दिवशी कार्यालयातील लिपिक मुदत संपलेले जुने विषाणूरोधक सॉफ्टवेअर काढून त्या जागी नवे बसविण्याचे ठरवितो. विंडोजच्या यादीतील जुन्या नावावर तो टिचकी मारतो, 'अनइन्स्टॉल' या शब्दाला होकार देतो आणि थोड्याच वेळात काम यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याचा निरोप पडद्यावर झळकतो. मग तो नवे सॉफ्टवेअर बसवू लागतो, तेव्हा ते त्याला बजावते, की या यंत्रावर दुसरे विषाणूरोधक अगोदरपासून आहे, ते प्रथम काढा. यादीत तर त्याचे नाव उरलेले नाही. आहे म्हणावे तर दिसत नाही आणि नाही म्हणावे तर नवे सॉफ्टवेअर ते मान्य करीत नाही. दरम्यान खिडकीबाहेरची रांग वाढत असते.

हा प्रसंग कोणा एका कार्यालयाचा किंवा एखाद्याच सॉफ्टवेअरचा नव्हे. ज्याने म्हणून संगणक वापरला आहे, त्याला तो कोणत्या ना कोणत्या रूपात भेटलेला आहे. काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरची सेटिंग्ज, नोंदी, रिकामी वा अर्धवट भरलेली दप्तरे आणि कधी कधी पडद्याआड चालू राहणारे एखादे उपांग यंत्रावर मागे उरते. बिऱ्हाड हलते, पण भिंतीतल्या खुंट्या तशाच राहतात. ही गोष्ट तांत्रिक आणि म्हणून क्षुल्लक समजून सोडून देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वस्तुतः तिच्यात मालकीचा, कराराचा आणि खर्चाच्या वाटणीचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे, व तो प्रश्न अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो.

करार लिहितो कोण?

पुणेकरांना घराच्या कराराची भाषा नव्याने शिकविण्याची गरज नाही. अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार या शहरातील शिक्षक, विद्यार्थी आणि नोकरदार यांच्या नित्य परिचयाचा आहे. त्याची रचना सरळ आहे. जागा मालकाची असते. मालक ती ठराविक मुदतीसाठी वापरण्याची अनुज्ञा देतो. मुदत संपली, की राहणाऱ्याने जागा होती तशी परत करावयाची असते. ही अट पाळली जावी म्हणून मालक अनामत रक्कम ठेवून घेतो. भिंतींना भोके पाडली, नळ मोडला, सामान टाकून गेले, तर त्याचा खर्च त्या रकमेतून वळता होतो. अनामत परत मिळावी असे वाटत असल्यामुळेच जाणारा माणूस जाताना घर झाडून देतो.

सॉफ्टवेअरच्या व्यवहारातही 'लायसन्स' हाच शब्द आहे, परंतु भूमिका मात्र उलट्या झालेल्या आहेत. यंत्र ज्याने पैसे मोजून विकत घेतले, त्याच्या जागेत सॉफ्टवेअर राहावयास येते. म्हणजे न्यायाने पाहता यंत्राचा धनी हा घरमालक आणि सॉफ्टवेअर हे बिऱ्हाडकरू. प्रत्यक्षात करारनामा लिहितो तो बिऱ्हाडकरू. अनेक पानांचा तो मजकूर न वाचताच घरमालक 'मान्य आहे' या चौकटीत खूण करतो आणि स्वतःच्याच घरात अनुज्ञाधारक ठरतो. अनामत रक्कम नावाची वस्तू येथे अस्तित्वातच नाही. जाताना जागा कोणत्या स्थितीत सोपवावयाची, याविषयी अशा करारनाम्यात बहुधा काहीच सांगितलेले नसते. 'वापर संपल्यावर सर्व प्रती नष्ट कराव्यात' असे कलम पुष्कळदा आढळते. पण ते बंधन असते घरमालकावर! ज्या करारात स्वच्छतेची जबाबदारी कोणावरच टाकलेली नाही, त्यात अस्वच्छता उरली तर नवल ते कोणते?

अवशेष का उरतात?

तरीही या सर्वांमागे कंपन्यांची लबाडीच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. अवशेष उरण्याची काही कारणे निखळ तांत्रिक आहेत आणि काही तर चांगल्या हेतूचीही आहेत. ती समजून घेतल्याशिवाय तक्रार करणे हे रोगाची परीक्षा न करता औषध देण्यासारखे होईल.

विंडोजच्या आरंभीच्या काळात प्रत्येक आज्ञावली आपली सेटिंग्ज साध्या मजकुराच्या छोट्या फाइलींत ठेवीत असे. १९९२ साली विंडोज ३.१ बरोबर 'रजिस्ट्री' नावाची नोंदवही मर्यादित स्वरूपात आली आणि १९९५ सालच्या विंडोजपासून ती सर्व यंत्रणेची मध्यवर्ती दप्तरशाळा बनली. त्याच सुमारास, ज्या सॉफ्टवेअरला विंडोज ९५ चे अधिकृत बोधचिन्ह हवे असेल त्याने स्वतःला काढून टाकण्याची सोयही दिली पाहिजे, अशी अट मायक्रोसॉफ्टने घातली. तेव्हा प्रस्थानाची सोय ही नंतर सुचलेली सुधारणा नव्हे. ती तीस वर्षांपूर्वीच मान्य झालेली आहे. मग घोटाळा होतो तो कोठे?

पहिले कारण असे, की काढून टाकणाऱ्या आज्ञावलीजवळ फक्त आगमनाच्या दिवशीची यादी असते. बसविताना कोणत्या फाइली ठेवल्या, कोणत्या नोंदी केल्या, हे तिला ठाऊक असते. पुढे तीन वर्षांच्या वापरात त्या सॉफ्टवेअरने स्वतः जे निर्माण केले, त्याची नोंद त्या यादीत सहसा नसते. बिऱ्हाड आले त्या दिवशीच्या टेंपोतील सामानाची यादी हातात धरून घर रिकामे केले, तर मधल्या काळात विकत घेतलेले कपाट मागे राहणारच.

दुसरे कारण सामाईकपणाचे. काही घटक अनेक सॉफ्टवेअर मिळून वापरतात. कोणता घटक किती जण वापरीत आहेत याची मोजणी विंडोज ठेवते; परंतु ही मोजणी प्रत्येकाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असल्याने ती पुष्कळदा चुकते. अशा वेळी सामाईक विहिरीचा दोर कापून नेण्यापेक्षा तो राहू देणे शहाणपणाचे, असा विचार करून सावध आज्ञावली तो घटक तसाच सोडते.

तिसरे कारण शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. एकाच यंत्रावर अनेक वापरकर्ते असतील, तर प्रत्येकाची सेटिंग्ज स्वतंत्र कप्प्यात असतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सकाळच्या व दुपारच्या तुकड्यांतील मुले आपापल्या नावाने एकाच यंत्रावर काम करतात. व्यवस्थापकाने एकदा सॉफ्टवेअर काढले, की त्याच्या स्वतःच्या कप्प्यातील नोंदी जातात. इतरांचे कप्पे बहुधा जसेच्या तसे राहतात. पुढच्या वर्षी तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसविले, की कोणाच्या तरी गतवर्षीच्या चुकीच्या सेटिंगसह ते पुन्हा उभे राहते. 'काढून पुन्हा बसवा' हा सर्वांना तोंडपाठ असलेला उपाय अनेकदा निष्फळ ठरतो, तो यामुळे. रोगाचे मूळ जर सेटिंगमध्येच असेल, तर कातडे बदलून काय होणार?

चौथे कारण सद्हेतूचे आहे. सेटिंग्ज म्हणजे केवळ यंत्राचा केरकचरा नव्हे. ते वापरणाऱ्याने घातलेले श्रमही असतात. शब्दशुद्धीच्या यादीत एकेक करून भरलेली मराठी नावे, प्रमाणपत्रांचे तयार नमुने, छपाईचे समास, हिशेबाच्या वर्गवाऱ्या या गोष्टी वर्षानुवर्षे साठत आलेल्या असतात. नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी जुनी काढली आणि हे सर्व नष्ट झाले, तर तोच लिपिक कपाळाला हात लावील. म्हणून पुष्कळ निर्माते ही पुंजी मुद्दामच मागे ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

पाचवे कारण मात्र निर्हेतुक नाही. पंधरा किंवा तीस दिवसांच्या मोफत वापराची मुदत संपल्यावर तेच सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवून कोणी नव्याने मोफत मुदत घेऊ नये, म्हणून कित्येक निर्माते एखादी खूण यंत्रावर कायमची ठेवतात. चोरीपासून रक्षण हा त्यांचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु दुसऱ्याच्या घरात आपली खूण न सांगता ठेवण्याचा अधिकार त्यातून कसा निर्माण होतो, हे समजण्यासारखे नाही.

हानी किती आणि कोणती?

येथे अतिशयोक्तीपासून दूर राहिले पाहिजे. रजिस्ट्रीतील उरलेल्या चार-दोनशे नोंदींनी संगणक मंदावतो, हा समज मोठ्या प्रमाणात 'सफाई'ची साधने विकणाऱ्यांनी पसरविलेला आहे. लाखो नोंदींच्या दप्तरशाळेत काही शंभर मृत नोंदी असल्या, तर त्यांचा भार जाणवण्याइतका नसतो. बहुसंख्य अवशेष निरुपद्रवी असतात, हे मान्य करूनच पुढे जावे.

परंतु उरलेले थोडे उपद्रवी असतात आणि त्यांचा उपद्रव नेमका असतो. आरंभी वर्णिलेला विषाणूरोधकाचा प्रसंग हा त्यांतला एक. अशी सॉफ्टवेअर यंत्रणेच्या अगदी तळाशी मुळे रोवतात. त्याशिवाय त्यांना रक्षणाचे काम करताच येत नाही. म्हणूनच ती उपटणे अवघड जाते, आणि जगातील बहुतेक मोठ्या विषाणूरोधक कंपन्या, नेहमीच्या मार्गाने सॉफ्टवेअर निघाले नाही तर वापरावयाचे स्वतंत्र साधन आपण होऊन उपलब्ध करून देतात. हे साधन म्हणजे एक कबुलीच होय: पुढच्या दाराने गेलेला पाहुणा पुरता गेलेला नसतो, याची कबुली. दुसरा उपद्रव इंटरनेटच्या जोडणीचा. एखादे सॉफ्टवेअर सर्व दळणवळण आपल्यामार्फत वळवून घेते आणि जाताना ते वळण तसेच ठेवते. मग पत्ते आहेत, तारा आहेत, पण इंटरनेट नाही, अशी स्थिती होते. तिसरा उपद्रव गोपनीयतेचा. वापरलेला संगणक विकला, संस्थेला देणगी दिला किंवा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, की मागे राहिलेल्या दप्तरांतून जुन्या खात्यांची नावे, उघडलेल्या कागदपत्रांच्या याद्या, कधी प्रवेशाच्या जतन केलेल्या किल्ल्याही नव्या हातांत जातात.

जगात या बाबतीत दोन प्रसंग उदाहरणादाखल कायमचे नोंदले गेले आहेत. २००५ साली सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या काही तबकड्यांनी नक्कल रोखण्यासाठी ग्राहकांच्या संगणकावर एक लपलेले सॉफ्टवेअर बसविल्याचे उघडकीस आले. गदारोळ झाल्यावर कंपनीने ते काढण्याची सोय दिली. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी तपासले, तेव्हा दिसून आले, की ती काढण्याची सोयच यंत्रावर एक घटक मागे ठेवून जात होती व त्या घटकाचा वापर करून कोणतेही संकेतस्थळ त्या यंत्रावर हवे ते चालवू शकत होते. कंपनीला लक्षावधी तबकड्या परत मागवाव्या लागल्या. दुसरा प्रसंग २०१९ सालचा. मॅक संगणकावरून झूम हे सॉफ्टवेअर काढून टाकले, तरी त्याचा एक छोटा सेवक पडद्याआड जागा राहत असे आणि बैठकीचा एखादा दुवा उघडताच न विचारता संपूर्ण सॉफ्टवेअर पुन्हा बसवीत असे. हे जाहीर होताच कंपनीने दुरुस्ती केली. ॲपलनेही स्वतंत्रपणे तो सेवक सर्व यंत्रांवरून काढून टाकला. पुढच्याच वर्षी टाळेबंदीत पुण्यासह देशभरातील असंख्य वर्ग याच सॉफ्टवेअरवर भरले. तोपर्यंत ते छिद्र बुजलेले होते, ते केवळ एका संशोधकाने वेळीच आवाज उठविल्यामुळे.

सफाई करणाऱ्यांचा बाजार

जेथे कचरा, तेथे कचरा वेचणाऱ्यांचा धंदा उभा राहतोच. रजिस्ट्री साफ करून देण्याचा दावा करणारी शेकडो साधने बाजारात आली. त्यांच्या वाटेला जाण्यापूर्वी इतिहास पाहावा. खुद्द मायक्रोसॉफ्टने दिलेले अवशेष-सफाईचे एक साधन इतर सॉफ्टवेअरच्या घटकांना इजा करते असे आढळल्याने २०१० साली मागे घेतले गेले, आणि रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना आपला पाठिंबा नाही, अशी त्या कंपनीची घोषित भूमिका आहे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तर सीक्लीनर या जगप्रसिद्ध सफाई-साधनाच्या अधिकृत प्रतीतच घातक भाग मिसळला गेल्याचे उघड झाले. सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती प्रत पोहोचली होती. केर काढावयास बोलावलेल्या माणसाच्या झोळीतूनच चोर घरात शिरावा, तसा हा प्रकार झाला.

यातील अर्थशास्त्र स्पष्ट आहे. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ पिगू याने १९२० साली आपल्या कल्याणविषयक ग्रंथात दाखवून दिले, की उत्पादनाचा काही खर्च जर उत्पादकाऐवजी तिऱ्हाइताला सोसावा लागत असेल, तर बाजार तो खर्च विचारातच घेत नाही आणि अशी हानी गरजेपेक्षा अधिक होत राहते. पुणेकरांना याचे उदाहरण दरवर्षी अनंत चतुर्दशीनंतर मुठेच्या काठी पाहावयास मिळत आले आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घडविणे सोपे व स्वस्त. पण ती पाण्यात विरघळत नाही. स्वस्ताईचा लाभ घडविणाऱ्याला आणि घेणाऱ्याला मिळतो. गाळ नदीत राहतो आणि तो काढण्याचा खर्च महानगरपालिकेवर, म्हणजे सर्व नागरिकांवर पडतो. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशी मूर्ती विरघळविण्याची पद्धत काढली आणि महानगरपालिकेने ते रसायन नागरिकांना पुरविले. ही गोष्ट अभिमानाची आहे. परंतु तिच्यातून मिळणारा धडा अधिक मोलाचा: प्रतिष्ठापनेच्या वेळीच विसर्जनाचा विचार झाला नाही, तर पुढे कोणाला तरी त्यासाठी निराळा खर्च व निराळी बुद्धी वेचावी लागते. शाडूच्या मूर्तीला तो खर्च मुळातच लागत नाही.

सॉफ्टवेअरच्या बाबतीतही नेमके हेच घडते. निर्मात्याचे सारे लक्ष आगमनावर असते, कारण येणारा ग्राहक पैसे देतो. जाणारा ग्राहक काही देत नाही. म्हणून प्रस्थानाच्या मार्गाची परीक्षा करण्यात वेळ घालविणे निर्मात्याला तोट्याचे वाटते. तो वाचविलेला वेळ नाहीसा होत नाही. तो लाखो लिपिकांच्या, शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या वेळात विखरून भरला जातो. प्रत्येकाचा वाटा अर्ध्या-एक तासाचा, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. सर्वांची बेरीज कोणी मांडीत नाही, म्हणून ती कोठे दिसत नाही.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली मांडलेला विचार येथे लागू पडतो. असमाधानी ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: आवाज उठविणे किंवा निघून जाणे. निघून जाण्याच्या भीतीमुळेच विक्रेता सरळ राहतो. तेव्हा निघून जाणे जितके कष्टाचे, तितका बाजारातील शिस्तीचा धाक कमी. जुने सॉफ्टवेअर काढून प्रतिस्पर्ध्याचे बसविताना जर दोन तासांची झटापट करावी लागणार असेल, तर पुष्कळ लोक 'राहू दे आहे तेच' म्हणून जुन्याचेच पैसे भरतात. या अर्थाने भिंतीतील खुंटी ही केवळ खुंटी राहत नाही. ती स्पर्धेच्या वाटेतील अडसर बनते.

एक प्रश्न, एक यादी

मग उपाय काय? सर्व काही नेहमीच पुसून टाकावे, हा उपाय नव्हे. तसे केले तर वापरणाऱ्याचे श्रमही पुसले जातील. या शहराला तो अनुभव वेगळ्या रीतीने आलेला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखनासाठी सी-डॅकचे 'आयएसएम', मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्रीलिपी' अशी पुण्यातच घडलेली सॉफ्टवेअर कार्यालयांत, छापखान्यांत व प्रकाशनसंस्थांत घरोघरच्या पाट्या-वरवंट्याइतकी परिचित झाली होती. मराठी संगणकावर आणण्याचे त्यांचे श्रेय मोठे आहे. त्या काळच्या पद्धतीनुसार प्रत्येक फॉन्टची अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर आपापल्या रीतीने बसविलेली असत. त्यामुळे फॉन्ट काढला, की वर्षानुवर्षांचे ठराव, इतिवृत्ते आणि हस्तलिखिते पडद्यावर अर्थहीन रोमन चिन्हांच्या रांगा म्हणून दिसू लागतात. येथे हानी झाली ती काही उरल्यामुळे नव्हे, तर जे उरावयास हवे होते ते गेल्यामुळे. एकाचा केर तो दुसऱ्याचा ठेवा असतो. म्हणून काय ठेवावे व काय टाकावे, हा निर्णय निर्मात्याने परस्पर करावयाचा नसून यंत्राच्या धन्याने करावयाचा आहे. सर्व वादाचे सार एवढेच आहे.

असे करता येते, याची उदाहरणे उपलब्ध आहेत. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीत सॉफ्टवेअर काढण्याच्या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिली सॉफ्टवेअर काढते, पण यंत्रणेतील त्याची सेटिंग्ज राखते. दुसरी ती सेटिंग्जही समूळ नष्ट करते. पहिली आज्ञा दिलेल्या सॉफ्टवेअरची नोंद 'काढले, पण सेटिंग्ज शिल्लक' अशा खुणेने यादीत राहते. कोणालाही ती केव्हाही पाहता येते. वापरकर्त्याच्या खासगी दप्तराला मात्र दोन्ही आज्ञा हात लावीत नाहीत, कारण ते त्याचे आहे. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे, त्यामुळे हा शिष्टाचार आपल्या देशी संस्थांना अपरिचित नाही. पुण्यातच कैलास व संजय काटकर या बंधूंनी उभारलेल्या क्विक हील या कंपनीच्या विषाणूरोधकाच्या मार्गदर्शिकेतही काढण्याच्या वेळी दोन पर्याय दिलेले आढळतात: पुढे पुन्हा बसविण्यासाठी अनुज्ञेची माहिती व अद्ययावत याद्या राखून काढणे, अथवा संपूर्ण काढणे. प्रश्न विचारावयास किती थोडे लागते, हे यावरून दिसून येते.

कायदाही याच दिशेने, पण अर्ध्या वाटेपर्यंत आलेला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने, संमती जितक्या सुलभपणे दिली तितक्याच सुलभपणे ती मागे घेता आली पाहिजे, हे तत्त्व स्वीकारले आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क नागरिकाला दिला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. परंतु या कायद्याची दृष्टी मुख्यतः कंपन्यांच्या हाती गेलेल्या माहितीवर आहे; नागरिकाच्या स्वतःच्या यंत्रावर मागे टाकलेल्या सामानाचा विचार त्यात केंद्रस्थानी नाही. तरीही त्यातील तत्त्व मोलाचे आहे: दार आत येताना जितके रुंद, तितकेच ते बाहेर जातानाही असले पाहिजे.

नव्या कायद्याची वाट न पाहताही पुष्कळ काही करता येईल. विद्यापीठे, महाविद्यालये, शासकीय कार्यालये ही सॉफ्टवेअरची मोठी गिऱ्हाइके आहेत. त्यांच्या खरेदीच्या अटींत एकच कलम वाढवावे: हे सॉफ्टवेअर काढताना ते एक स्पष्ट प्रश्न विचारील, की सेटिंग्ज ठेवावयाची की टाकावयाची, आणि काम झाल्यावर, काय मागे राहिले व कोठे, याची एक यादी देईल. तसे न झाल्यास बिलाची काही रक्कम अनामत म्हणून रोखून धरली जाईल. घराच्या करारात जी अनामत आहे, ती येथेही आली, की शिस्त आपोआप येईल. एकटा ग्राहक ही अट घालू शकत नाही. शेकडो यंत्रे घेणारी संस्था घालू शकते. निर्मात्याला हा खर्च आरंभीच करावयाचा असल्याने तो अल्प असतो. तोच नंतर लाखो ठिकाणी करावा लागला, की प्रचंड होतो.

वापरणाऱ्यालाही काही पथ्य पाळावे लागेल. काढण्यापूर्वी त्या सॉफ्टवेअरमधील आपल्या खात्यातून बाहेर पडावे. आपली सेटिंग्ज हवी असतील तर त्यांची प्रत घ्यावी. जुनी मराठी कागदपत्रे युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय जुन्या फॉन्टना हात लावू नये. अडचण आलीच तर निर्मात्याने स्वतः दिलेले काढण्याचे साधन वापरावे, वाटेवरच्या सफाईवाल्याचे नव्हे. आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर एकेक अवशेष शोधत बसण्यापेक्षा संपूर्ण तबकडी पुसून प्रणाली नव्याने बसवावी. संगणकसाक्षरतेच्या वर्गांतून सॉफ्टवेअर बसविण्याचे जेवढे धडे दिले जातात, तेवढेच ते नीट काढण्याचेही दिले जावेत.

पूर्वीच्या वाड्यांत बिऱ्हाड सोडून जाणारी गृहिणी चूल सारवून, किल्ली मालकाच्या हातात देऊन जात असे. तिने तसे करावे, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. पण मागून येणाऱ्यालाही याच चुलीवर भात शिजवावयाचा आहे, हे तिला कळत होते. संगणकात राहावयास येणाऱ्यांना ते आपण होऊन कळेल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. घरमालकाने करारनामा स्वतः लिहावयास घेतला, म्हणजे मात्र ते निश्चित कळेल.